एका बटणावर दोन कॅमेरे

लग्नाचा सीझन संपला की मेमरी कार्डं रिकामी करता येतात. किस्से कुठं रिकामे करणार? चहाला दोघं बसले की एक निघतो, आणि त्याच्या मागं चार! आमच्या अमडापूरच्या स्टुडिओतले हे सगळे किस्से एका रिमोटचे आहेत.

स्टुडिओ वामनभाऊंचा. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि तिथंच राहिलो. भाऊंचा नियम एकच, हललेला फोटो दुकानाबाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक म्हणो 'चालते भाऊ', भाऊ डिलीट करणार म्हणजे करणार!

अशा माणसाचा उजवा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या, मग लेन्सला, मग मला. शेवटी चिखलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की थरथर कमी होईल, पण जाणार नाही. येताना मोटरसायकलवर माझ्या मागं बसून भाऊ एवढंच बोलले, "दिन्या, प्रणालीच्या लग्नाचे फोटू माह्या हातानं निघाले पाह्यजेत बे. मंग काहीबी होवो." प्रणाली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. मला फार वाईट वाटलं.

म्हणून मी वायरलेस रिमोट मागवला. दोन कॅमेरे स्टँडवर, दोन्हींवर एकेक रिसीव्हर, आणि भाऊंच्या हातात बटण. एकदा दाबलं की दोन्ही कॅमेरे वाजणार.

* * *

पहिल्याच लग्नात भाऊ रिमोट टीव्हीसारखा धरून बसले. समोरच्या कॅमेऱ्याकडे रोखून दाबायचे, मग तुरुतुरु चालत बाजूच्या कॅमेऱ्याकडे जायचे आणि पुन्हा दाबायचे. नवरीनं तेवढ्यासाठी दोन वेळा हार घातला!

मी म्हटलं, "भाऊ, कुठूनही दाबा, दोन्ही चालतात."

"मले मालूम हाये," भाऊ म्हणाले. "पण त्याले सांगा तर लागते ना!"

* * *

शेगावच्या एका कार्यालयात तर कहरच झाला. शेजारच्या हॉलमध्ये दुसरं लग्न, आणि तिथल्या फोटोग्राफरचा रिमोट आमच्याच कंपनीचा, आमच्याच चॅनलवर! आम्ही दाबलं की त्याचा कॅमेरा वाजायचा, त्यानं दाबलं की आमचे. शेवटी तो घामाघूम होऊन आला. "काऊन हो भाऊ, तुमचा नवरदेव हसला की माहा कॅमेरा काऊन वाजून राह्यला?"

मी घाईघाईनं चॅनल बदललं. रिमोटचं बदललं, समोरच्या कॅमेऱ्याचं बदललं, आणि बाजूच्याचं विसरलो. तो कॅमेरा दुपारभर आमच्या लग्नात उभा राहून त्या माणसाच्या बटणावर चालत होता. कोणी जांभई देतंय, कोणी चप्पल शोधतंय, नवरीची आजी तोंडात अख्खी जिलबी घालून खदखदा हसतेय.

मी तोंड लपवत ते फोटो दाखवले. घरच्यांनी आजीचाच मोठा करून नेला.

* * *

जळगाव जामोदला ग्रुप फोटो होता. पन्नासेक माणसं उभी, समोर दोन कॅमेरे, दोन्हींवर लाल दिवे लुकलुकतायत. निम्मे इकडं बघतायत, निम्मे तिकडं. त्यात नवरीचे दोन काका, शेतावरून बोलणं बंद झालेले, मुद्दाम दोन टोकांना.

एक जण वैतागून ओरडला, "भाऊ, नेमकं कोन्या कॅमेऱ्याकडे पाहाचं?"

"कॅमेऱ्याकडे पाहूच नका," भाऊ म्हणाले. "एकमेकाईकडे पाहा!"

आणि बटण दाबलं. काका लोकांचं बोलणं सुरू झालं की नाही, ठाऊक नाही. फोटोत मात्र दोघं हसतायत.

* * *

या रिमोटची एक खोड आहे. बटण दाबून धरलं की कॅमेरे थांबत नाहीत. एकदा भाऊ तो मागच्या खिशात ठेवून पंगतीत बसले. तिकडं रिकाम्या स्टेजसमोर दोन्ही कॅमेरे टकटकटक सुरू! मी धावत गेलो, तर एक म्हातारे बाबा टोपी सरळ करून, हात जोडून स्टेजवर उभे.

"बाबा, हे चुकून चालू झालंय!"

"चालू दे ना बे," बाबा जागचे हलले नाहीत. "वाया काऊन जाऊ द्याचं!"

* * *

मग प्रणालीचं लग्न आलं. पांढरा शर्ट घालून भाऊ लेकीशेजारी उभे, रिमोट डाव्या मुठीत. त्रिशरण-पंचशील झालं, प्रतिज्ञा झाल्या, हार पडले. प्रत्येक वेळी भाऊंनी स्वतः बटण दाबलं. मी फक्त स्टँड हलवत होतो.

निरोपाच्या वेळी मांडवात उजेड कमी झाला होता, म्हणून मी शटर स्लो ठेवलं; त्यात जरा काही हललं की फोटोत पुसट येतं. प्रणाली वाकली. भाऊंनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि त्यांना रडू फुटलं. डावी मूठ घट्ट आवळली गेली. दोन्ही कॅमेरे टकटकटक वाजायला लागले. भाऊंना ते ऐकूही आलं नाही. रिमोट काढून घ्यायला माझा हात पुढं झाला नाही.

प्रणाली माहेरी आली तेव्हा आम्ही तिघं दुकानात फोटो निवडायला बसलो. तो फोटो आला. तिचे मिटलेले डोळे स्वच्छ, भाऊंचा चेहरा स्वच्छ, शर्टाचं बटण न् बटण स्वच्छ. फक्त तिच्या केसांवरचा हात हललेला.

भाऊंनी माऊस डिलीटवर नेला. "हललेला हाये."

प्रणालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, मले हाच पाह्यजे."

अल्बमच्या पहिल्या पानावर तोच गेला. आणि एक मोठा करून भाऊंनी दुकानाच्या काचेत लावलाय, रस्त्यावरून दिसेल असा. परवा एक गिऱ्हाईक बराच वेळ तिथं थांबलं आणि म्हणालं, "भाऊ, हा फोटू हलला काय?"

"हाव," भाऊ म्हणाले. "माह्याच हातानं काढला."