दम्याची करवंटी

आमच्या मामांच्या हाती सृष्टी दिली असती, तर त्यांनी अर्ध्या समुद्रात मीठ घातलं असतं आणि अर्धा ताडून पाहायला अळणी ठेवला असता. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी उभी हयात कारकुनी केली. तिथे नवं औषध निम्म्या रोग्यांना देत, निम्म्यांना देत नसत आणि कोणाला गुण येतो ते मामा लिहून ठेवत. साठ सालाच्या आगेमागे निवृत्त होऊन मालवणला परतले, ते ही खोड घेऊनच. माझ्या बहिणीच्या लग्नात एका पंगतीला लसणाची सोलकढी आणि दुसरीला बिनलसणाची, असं त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. जेवणं उरकताच वही घेऊन व्याह्यांपुढे उभे! "पोट गुडगुडला काय?" व्याही रुसून बसले. मामांनी वहीत 'उत्तर नाही' असं टिपून घेतलं.

गावठी औषधं एकेक करून तपासायची, हा त्यांचा मोठा बेत. पण माणूस एक आणि वही एक, तेव्हा आधी काय घ्यायचं? "सगळाच पयला म्हटलास, तर पयला काय?" असं ते मला दटावत. ओटीवरच्या पाटीवर क्रम लिहिलेला असे: ताप, पोरांचे जंत, खरूज आणि सर्वांत खाली दमा. दमा मामीला होता. विहिरीवरून कळशी आणताना ती तीनदा थांबायची. अडुळशाचा काढा घे, असं सगळे तिला सांगत. पण न तपासलेलं औषध घरात आणायचं नाही, हा मामांचा नेम.

"अहो, माझो दमो जरा वर घेवा मा," ती एकदा म्हणाली.

"घरचो आजार वर घेतलंय तर लोक काय म्हणतले?"

मला त्यांचा राग यायचा. खरंच यायचा.

शेवटी क्रम वाडीनेच ठरवावा म्हणून मामांनी एका रविवारी घरापुढच्या खळ्यात जुनं लुगडं बांधून आडोसा केला आणि त्यामागे एकेका आजाराची एक अशा चार करवंट्या मांडल्या. माणशी एक चिंचोका. माणसं खाजवत, खोकत एकेक करून आत जाऊन आली. मामांनी आपला चिंचोका मात्र सर्वांना सांगून खरजेत टाकला. खरूज लवकर तपासून होते म्हणे.

लुगडं सोडलं. दम्याची करवंटी शिगोशीग भरली होती. तापाची रिकामी. खरजेत मामांचा एक आणि जंतांत एक.

"जंतातलो कोणाचो?" मामांनी विचारलं.

"माझो," मामी दारातून म्हणाली. "तांडेलाच्या पोरांची पोटां बघवत नाय माका."

होडीवरचा तो तांडेल तिथेच उभा होता. "पोरां थांबतली, वयनी," तो म्हणाला. "तुमका चलताना बघला की आमकाच दम लागता."

मामा कितीतरी वेळ पाटी पुसत राहिले. पुसून झाली होती, तरी पुसत राहिले. मग त्यांनी सगळ्यांत वर 'दमा' लिहिलं.

अडुळशाने कोणाला किती गुण आला, ते वहीत होतं. ती वही पुढे वाळवीने खाल्ली. मामी त्यानंतर सहा वर्षं होती. विहिरीवरून येताना ती पहिल्यांदा थांबली, की मामा हातातलं काम टाकून कळशी घ्यायला धावत.

"मामा, ह्या कधी तपासलात?" मी एकदा विचारलं.

"गप रे," म्हणाले आणि कळशी घेऊन आत गेले.