ह्यानं काही केलेलं नाही

अण्णा गेले तेव्हा त्यांना चर्चमध्ये आणू दिलं नाही. पिऊन मेलेल्याला चर्चचा उंबरा नाही, असं चर्चच्या पंचांनी ठरवलं आणि माझ्या बापाला सरळ दफनभूमीत नेलं. घाईची प्रार्थना, घाईची मूठमाती. मी तेव्हा शाळेत होते. अण्णा सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. मागाच्या मोटारीची वायर उघडी पडली होती, खाली फरशी ओली होती, धक्का बसला आणि अण्णा जागच्या जागी संपले. ती वायर कोणी बांधत नाही म्हणून ते घरी येऊन रोज चिडायचे. पण खात्याचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि कामगारांवर नजर ठेवणारा माणूस, त्यानं पोलिसांना सांगितलं की हा पिऊन आला होता, तोल गेला. जॉबरचं नाव शांतवन. आमच्याच मंडळीतला, उपासनेला आमच्या मागच्या बाकावर बसणारा. अण्णांनी दारूला कधी हात लावला नव्हता, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्याच्या एका वाक्यानं कारखान्याचा मालक, शेठ, सुटला आणि अण्णा बेवडे ठरले.

मग आई विड्या वळायला बसली. वळसंगची शेतकऱ्याची लेक ती, उघड्यावर वाढलेली. दहा बाय दहाच्या खोलीत तंबाखूच्या खकाण्यात खोकत बसायची आणि मला म्हणायची, “तू बाहीर बस जा, उजेडाला. पुस्तक धर.” मी पुस्तक धरलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी मिरवते. का मिरवू नये? निकालाचे पेढे वाटायला गेले तेव्हा शेजारच्या मावशी पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, “बेवड्याची पोरगी बीए झाली की! बापानं बघायला पायजे हुतं.” त्या बिचाऱ्या कौतुकच करत होत्या. मला तो पेढा त्यांच्या तोंडातून काढून घ्यावासा वाटला.

इतकी वर्षं मी देवाकडे एकच गोष्ट मागितली. पैसा नाही, नोकरी नाही. न्याय. प्रार्थना कसली, भांडणच ते. तू न्यायी आहेस असं लहानपणापासून शिकवलंस, मग दाखव. देवानं दाखवलं ते असं, की शांतवनकाकाच्या काळजाचं दुखणं निघालं, तो मरता मरता वाचला आणि दवाखान्यातून परत आला तो थेट तारण पावूनच, म्हणजे पापांतून सुटका झाल्याचं सांगतच. एका रविवारी पांढरा शुभ्र शर्ट घालून तो साक्ष द्यायला पुढे उभा राहिला. “प्रभूनं माझी सगळी पापं धुतली. माझ्या मनावर आता कसलंच ओझं न्हाय.” सगळी मंडळी आमेन म्हणाली. टाळ्या वाजल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाप आमच्याविरुद्ध केलंस आणि हिशेब वर परस्पर मिटवलास? आम्हाला विचारलंस? मी उठून बाहेर आले.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी मोठी उपासना असते. वधस्तंभावरून येशूनं जे सात उद्गार काढले, त्यांवर मंडळीतले सात जण बोलतात. सहसा पंच, शिक्षक, निवृत्त मंडळी. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नवे होते, नगरकडून आलेले, त्यांना आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. ते मोठ्या हौसेनं म्हणाले, “तुम्ही मंडळीतल्या शिकलेल्या मुली. यंदा दुसरा उद्गार तुमचा.” दुसरा उद्गार म्हणजे शेजारी खिळलेल्या चोराला दिलेलं वचन, की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मला हसावं की रडावं कळेना. सगळे उद्गार सोडून माझ्या वाट्याला चोराची सुटका!

घरी येऊन मी आईवर ओरडले, जणू तिनंच वाटणी केली होती. “मी नाही बोलणार. असल्या फुकटच्या तारणावर मी काय बोलू?”

आई विडीचं पान कातरत होती. मान वर न करता म्हणाली, “मग तसंच बोल की. देवाला काय तुजा राग ठावं न्हाय व्हय?”

मी तसंच लिहून काढलं. धारदार, एकेक वाक्य घासून. त्या चोराला निदान खिळे तरी ठोकले होते, आपल्यातले चोर इस्त्रीचे शर्ट घालून फिरतात, असं एक वाक्य होतं. ते मला फार आवडलं होतं.

शुक्रवारी चर्च भरलं होतं. पंखे नुसतेच फिरत होते, वारा गरम. शांतवनकाका दुसऱ्या बाकावर. मी व्यासपीठावर गेले. आधी शास्त्रपाठ वाचायचा असतो, म्हणून वाचायला लागले. तो उतारा मी शेकडो वेळा ऐकलाय, पाठ आहे म्हटलं तरी चालेल. पण त्या दिवशी येशूच्या वचनापर्यंत मी पोचलेच नाही. त्याच्या आधीच्या ओळीवरच मी थांबले. तो चोर येशूकडे बघून दुसऱ्या बाजूच्या चोराला म्हणतो, आपण आपल्या कर्माचं भोगतोय, पण ह्यानं काही केलेलं नाही. आधी त्यानं शेजारच्या निर्दोष माणसाबद्दल खरं सांगितलं. चारचौघांत, मोठ्यानं, सांगून काही फायदा नसताना. माझी आठवण ठेव, हे मागणं त्यानंतर. वचन त्याच्याही नंतर.

मी लिहून आणलेलं बाजूला ठेवलं. ते मी ठरवून केलं नाही. तोंडातून आपोआप निघालं, “ह्या चोराला स्वर्ग फुकट मिळाला असं मला वाटायचं. पण ज्याच्यावर आळ होता त्याचं नाव त्यानं आधी साफ केलं. ते न करता कोणी मला म्हणेल की माझी पापं धुतली, तर मी आमेन म्हणणार नाही. माझे वडील ह्या दारातून आत आले नाहीत. त्यांच्याबद्दल खरं कोण सांगणार?”

एक पंच दबक्या आवाजात बोलले, “पोरी, उद्गारावर बोल. घरचं नको.”

“उद्गारावरच बोलतेय, काका.”

तेवढ्यात शांतवनकाका उठला. मला वाटलं, निघाला बाहेर. तो बाकाचा आधार घेत आला तो आमच्या बाकापाशी, आणि आईच्या पायांवर वाकला. “वहिनी, माज्याकडनं...” आई मागे सरली. तिचा आवाज मी कधी इतका कडक ऐकला नव्हता. “पाय सोड. मला काय सांगतोस? मला ठावं हाय. ह्यांना सांग.” आणि तिनं त्याला दंडाला धरून मंडळीकडे वळवलं.

त्यानं सांगितलं. वायर उघडी होती. अण्णांनी पुन्हा पुन्हा दाखवली होती. शेठ म्हणाला माग बंद ठेवायचा नाही, म्हणून त्यानं ती बांधली नाही. “त्यो पिला नव्हता. त्यानं कायबी केलं नव्हतं. मी खोटं बोललो.” अगदी तेच शब्द. मी ते त्याला शिकवले नव्हते. आत्ताच वाचलेली ओळ त्याच्या तोंडात कोणी घातली, यावर मला वाद घालायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेठकडेही गेला आणि जे चर्चमध्ये बोलला तेच तिथे बोलला. त्याची नोकरी गेली. शेठला काही झालं नाही. त्याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही, देवापासून तर नाहीच. पण एक कळलं. न्याय देवावर सोपवायचा म्हणजे गप्प बसायचं, असं मला शिकवलं होतं, तसं नसतं. आपला राग घासूनपुसून धार काढलेला असला तरी तो त्याच्या हाती द्यायचा. त्यातलं कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं खोडायचं, हे तो ठरवतो. माझं इस्त्रीच्या शर्टाचं वाक्य त्यानं खोडलं. त्याबद्दल मी त्याचे आभार मानते, थोडं नाइलाजानं.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटे मंडळी गात दफनभूमीत जाते. यंदा ती अण्णांच्या कबरीपाशी थांबली. ज्या पंचांनी उंबरा नाकारला होता, त्यांच्यातले जे हयात आहेत ते मान खाली घालून उभे होते. पाळकसाहेबांनी अण्णांचं पूर्ण नाव घेऊन, सावकाश, अंत्यविधीची राहिलेली उपासना पुरी केली. आईनं मोठ्यानं आमेन म्हटलं. माझा बाप पिऊन मेला नव्हता, आणि हे आता सगळ्या मंडळीला माहीत आहे.