प्लग काढलेला वायपर

हे लिहिताना थोडा संकोचच वाटतोय. मी ऑटो इलेक्ट्रिशियन... श्रीरामपूरजवळ बेलापूर रोडला आमचं छोटं गॅरेज आहे. करंट वायरीतूनच जातो, बाकी सगळ्या बाता, असं मानणारी मी. आजही मानते. पण...

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी पुणतांब्याचे एक निवृत्त गुरुजी गाडी घेऊन आले. मागचा वायपर बंद.

"दोघांना दाखवली पोरी. दोघंही म्हणाले, मोटर गेली."

फ्यूज चांगला होता. मागच्या, डिकीच्या दाराचं आतलं कव्हर उघडून मोटरचा प्लग काढला, टेस्ट लॅम्प लावला... पेटलाच नाही. म्हणजे मोटरपर्यंत करंटच येत नव्हता! बिजागरीजवळच्या रबरी नळीत, दार उघड-बंद होऊन वायर तुटली होती. दहा मिनिटांत फॉल्ट सापडला. खरं सांगते, स्वतःचाच अभिमान वाटला.

दार खाली ओढून मी नवी वायर आणायला आत गेले. तेवढ्यात एक टेम्पो आत यायला हॉर्न वाजवू लागला. त्याला जागा द्यावी म्हणून गुरुजींनी गाडी रिव्हर्सला टाकली. मागची काच धुळीने पांढरी झालेली... आणि मागे माझे वडील, अण्णा, पाठमोरे बसलेले. त्यांना ऐकू कमी येतं.

आतून ते पाहून मी ओरडले. हॉर्नपुढे कुणाला ऐकू जाणार?

तेव्हा तो वायपर फिरला. एकदा, दोनदा, तीनदा. पुसलेल्या काचेतून अण्णांची टोपी दिसली आणि गुरुजींनी करकचून ब्रेक मारला. मध्ये वीतभर अंतर राहिलं.

"वायपर जोडलास का गं?" गुरुजींनी खाली उतरत विचारलं.

"नाही गुरुजी. तुम्ही बटण दाबलंत?"

"रिव्हर्स टाकल्यावर मी स्टिअरिंग सोडलंच नाही."

दार उचललं. प्लग तसाच लोंबत होता, वायर तुटलेलीच. रिव्हर्स टाकल्यावर काही गाड्यांचा वायपर आपोआप फिरतो, पण ही तशी नव्हती. आणि असती तरी प्लगशिवाय? अण्णांनीच मला हे काम शिकवलं. त्यांनी स्वतः लॅम्प लावून पाहिला.

"करंट न्हाई," ते म्हणाले. "मंग फिरला कसा?"

मी वायर जोडून सोल्डर केली. वायपर झकास चालला. अण्णांनी जोड बोटाने चाचपला आणि आजवर तोंडावर कधी कौतुक न केलेला हा माणूस गुरुजींना म्हणाला, "माझ्या पोरीनं हुडकलं बघा. मला बी इतक्या लवकर घावलं नसतं."

वायपर कसा फिरला, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पेंटर येऊन गॅरेजच्या पाटीवर माझं नाव लिहीत होता, आणि अण्णा रस्त्यापलीकडून ओरडत होते, "आजून मोठं काढ! लांबून दिसाया पायजे!"