चोवीस खिडक्यांची तपासणी

लातूरच्या आमच्या घरात नाताळचं कॅलेंडर पहिल्यांदा आणलं ते पुण्यात शिकून घरी परतलेल्या माझ्या बहिणीनं. पुठ्ठ्याला चोवीस खिडक्या, प्रत्येकीत एक चॉकलेट. एक डिसेंबरपासून रोज एकच खिडकी उघडायची.

आमचे अण्णा डाळीचे व्यापारी. एकाच पोत्याचा नमुना बघून माल घेणारा फसतो, हे त्यांचं ठाम मत. जेवण झाल्यावर त्यांनी चोवीसही खिडक्या उघडल्या आणि चोवीसही चॉकलेटं खाऊन बघितली.

बहीण रडकुंडीला आली.

"माल एकसारखा हाय," अण्णा शांतपणे म्हणाले, आणि रिकाम्या खिडक्यांत एकेक फुटाणा भरून दिला.

आता दरवर्षी कॅलेंडर येतं. अण्णा माल तपासतात. आई, बहीण आणि मी नाताळपर्यंत रोज एक फुटाणा तिघांत वाटून खातो.