स्टीलचा ग्लास

धरणाकाठच्या गार्डन बारमधला तो वेटर ऑर्डर कधी लिहायचा नाही. गिऱ्हाईक बसलं की त्याचं नेहमीचं समोर यायचं. "बारमध्ये राबतो, पण थेंबाला शिवत नाय," हे मात्र मला दर खेपेला सांगायचा.

एका रविवारी आईवडिलांना पहिल्यांदाच तिथं जेवायला नेलं. त्यानं न विचारता वडिलांपुढे खारे शेंगदाणे आणि स्टीलचा ग्लास ठेवला. रमचा वास आला आणि मी हबकलोच. आमच्या घरात वडील निर्व्यसनी म्हणून ओळखले जायचे.

तहानलेल्या आईनं पाणी समजून ग्लास उचलला. वेटरनं तो अलगद काढून घेतला. "माई, माझा ग्लास चुकून आला," म्हणत उभ्या उभ्या रिकामा केला.

ठसका आवरत त्यानं वडिलांना विचारलं, "बाबा, पहिल्यांदाच आलात ना?"