दोन साठ

माझा दादा प्रोग्रामर. दिवसभर परक्यांची कामं, उरलेल्या वेळात माझं. माझ्या अंडी उबवायच्या यंत्राचा प्रोग्राम त्यानेच लिहिला, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. मूळ लिखाण ज्या डिस्कवर होतं, ती केव्हाच मेली. उरली ती इंटरप्रिटरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राकडून चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरने, यंत्रात करून ठेवलेली फाइल, तुमच्याआमच्या वाचण्यातली नसलेली.

मागच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. गिऱ्हाइकाने बजावलं होतं, यंदा पिल्लं मिळाली नाहीत तर दुसरीकडे जातो. सहाशे अंडी लावली. ती दर साठ मिनिटांनी फिरायची, मला पंचेचाळीस मिनिटांनी फिरायला हवी होती.

"उद्या करू," दादा म्हणाला. "डोळे उघडे राहत नाहीयेत."

"एक आकडा तर बदलायचाय! त्याला काय मुहूर्त काढायचा?"

बसला बिचारा. बदलता बदलता मला समजावत होता: इंटरप्रिटर प्रोग्राम मोडून बारीक पायऱ्या करतो, आकडे वेगळ्या यादीत टाकतो. पायरीत आकडा नसतोच, 'यादीतला तिसरा घे' एवढंच असतं. मला ओ की ठो कळलं नाही. त्याने यादीतल्या साठाचे पंचेचाळीस केले, जांभई दिली आणि गेला.

यंत्रातल्या हवेत ठरवलेला ओलावा आहे की नाही हे दाखवणारा दिवा एकवीस दिवस हिरवा होता, म्हणून मी निर्धास्त. बाविसाव्या दिवशी ट्रे ओढले, तर कवचं तशीच. फोडून पाहिलं. पिल्लं आत वाळून चिकटलेली. जिवंत एकोणीस.

दादा कामावरून तसाच आला. फाइल पाहिली आणि बसूनच राहिला.

"ओलावासुद्धा साठच टक्के ठेवला होता गं. सारखा आकडा दोनदा आला तरी इंटरप्रिटर यादीत एकदाच ठेवतो. मी एक बदलला, दोन्ही बदलले, ओलावाही पंचेचाळीसवर उतरला. दिवाही त्याच आकड्याशी ताडून बघतो, म्हणून हिरवा. आणि हे मी नव्या लोकांना शिकवतो! घाल शिव्या."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

"आत्ताच सगळं नव्याने लिहून देतो," तो म्हणाला.

"नको. चुकलं माझं. तुला झोप येत होती, मीच बसवलं."

"मग कोण करणार?"

मी यंत्र बंद केलं आणि गिऱ्हाइकाला फोन लावून सांगितलं, दुसरीकडे बघा.