विचारलं तेवढंच

उमरझरीच्या नत्थुजीचा शालिकराम इंग्रजी बोलायला लागला की अमरावतीतले वकील मान वळवून पाहत. अन् उमरझरीत त्याचं नाव निघालं की म्हातारे बाजूला थुंकत. दोन्हीचं मूळ एकाच सकाळचं.

दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडं वऱ्हाडात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडाबोंडाला भाव आला होता. ज्यांच्या घरी कधी तांब्याचा हंडा नव्हता त्यांच्या बायका गोट-पाटल्या घालून वेचणीला जात. नत्थुजीनं तसलं काही केलं नाही. त्यानं पोराला अमरावतीला भिकाजीपंतांच्या खाजगी इंग्रजी शाळेत घातलं.

"सायबाशी बोलनारं एक तोंड पाह्यजे गावाले," तो म्हणे. "बाजारात दलाल अन् सायेब आपसात बोलते, अन् आपन नुसती मुंडी हालवतो. काय ठरलं ते बापजन्मी समजत नाई."

गावानं मान डोलावली. पोरगा कुणा एकाचा राहिला नाही, उमरझरीचा झाला.

शाळा म्हणजे एका व्यापाऱ्याच्या कापूसगोदामावरची माडी. खालून कापसाचा भुरा उडायचा अन् मुलांच्या पापण्यांवर बसायचा. भिकाजीपंत पुण्याकडचे, सडपातळ, आवाजाला धार. त्यांच्या वरच्या वर्गात गेल्या पावसाळ्यात बारा जण होते, आता चार उरले. धडा पाठ नसला की उंबऱ्याबाहेर. तोंडून वऱ्हाडी शब्द निसटला की दिवसभर उभं. पुस्तकातलं उचलून बोललेलं त्यांना खपत नसे. जे डोळ्यांनी पाहिलं तेच बोलायचं, म्हणत. उत्तर पूर्ण वाक्यात, न अडखळता. आणि विचारलं तेवढंच.

"शालिकराम, तोंडात जीभ आहे की नांगराचा फाळ?" ते विचारत, अन् बाकीचे तिघे खिदळत.

शालिकरामनं ते गिळलं. तो तानुबाई नावाच्या विधवेकडं राहायचा. तिच्या गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून तो पहाटे वाक्यं घोकायचा.

"काहून रे, माह्या म्हशीले कायच्या शिव्या देऊन राह्यला?" तानुबाई ओरडायची. "दूद आटलं तिचं!"

माघात एका सकाळी पंतांनी कापूस घेणाऱ्या एका गोऱ्या साहेबाला वर्ग पाहायला बोलावलं. माडीचं भाडं तोच भरत होता. चौघांतला जो उत्तम बोलेल त्याला तो स्वखर्चानं मुंबईला परीक्षेला धाडणार होता. शालिकराम त्या आठवड्यात धड जेवला नाही.

पहिला पोरगा जहाजावर बोलला. जहाज कुठं पाहिलंस, विचारल्यावर त्याची बोबडी वळली अन् पंतांनी त्याला बसवलं. दुसरा हिमावर बोलला, तोही बसला. तिसरा पहिल्याच वाक्याला अडला.

शालिकराम कापसावर बोलला. पाहिलेलं सांगायचं, तर त्यानं दुसरं पाहिलं तरी काय होतं? दोन भाग त्यानं मनात बांधून आणले होते. पहिला पाण्याचा. वेचलेला कापूस शेतकरी रात्रभर दवात पसरतात, पहाटे बैलबंडीत भरताना वरून पाण्याचा हबका मारतात, म्हणजे वजन वाढतं. दुसरा काट्याचा. व्यापारी तोलताना काटा मारतो, बंडीमागं पाच-दहा शेर कापूस त्याच्या घशात जातो, म्हणून शेतकरी पाणी मारतो. पहिला भाग त्यानं असा सांगितला की साहेब खुर्चीत पुढं सरकला.

"हे कोणत्या गावी पाहिलंस?" साहेबानं विचारलं.

शालिकराम जराही अडखळला नाही. "हे मी माझ्या उमरझरी गावी, माझ्या वडिलांच्या अंगणात पाहिलं आहे, महाराज." वाक्य पूर्ण होतं, क्रियापद जागच्या जागी. त्याच्या छातीत आनंद मावेना. आता काट्याचं सांगायला त्यानं तोंड उघडलं.

पंतांनी बोट वर केलं. साहेबानं पुढं काही विचारलं नव्हतं. शालिकराम खाली बसला.

साहेबानं टाळी वाजवली. असा मुलगा वऱ्हाडात प्रथमच पाहिला, म्हणाला.

पुढच्या बाजाराला उमरझरीच्या बंड्या साहेबाच्या माणसांनी नाक्यावरूनच मागं फिरवल्या. कापूस कोणी हातात धरूनही पाहिला नाही. गावाचं नाव विचारलं अन् हाकललं. नत्थुजी भरली बंडी घेऊन तानुबाईच्या दारात आला. बैल जुंपलेलेच.

"काय सांगतलं तू थ्याले?"

"पाह्यलं थे सांगतलं, बाबा."

"अन् काटा? काटा नाई पाह्यला तू? माह्या खांद्यावर बसून पाह्यला होता लेका, लहानपनी!"

"थ्यानं इचारलंच नाई."

नत्थुजीनं बैल वळवले. मग कासरा ओढत म्हणाला, "गावानं तोंड धाडलं होतं बाप्पा. तू तं निस्ते कान भरून आला सायबाचे."

शालिकराम तसाच पंतांकडं धावला. साहेबाला उरलेलं सांगू द्या, म्हणाला. पंतांनी चष्मा पुसला. त्यांना कळत नव्हतं असं नाही.

"अरे, माडी कोणाच्या पैशावर उभी आहे?" ते हळू म्हणाले. "आणि तुझं तर भाग्य उघडलंय. साहेब तुला बाजारात ठेवतोय. ओला कापूस ओळखायला."

"आणि परीक्षा?"

"आता कसली परीक्षा? झालं की तुझं."

गावाचे दरवाजे त्याला आता बंदच होते. शालिकरामनं चाकरी धरली. आत राहून कधीतरी काट्याचं सांगू, असं त्यानं स्वतःला बजावलं. सांगितलंही, पहिल्याच महिन्यात. साहेब हसला. काटा व्यापाऱ्याचा, त्यात मी पडत नाही, तू बंडीत हात घाल, म्हणाला. शालिकराम हात घालत राहिला. कोपरापर्यंत हात खुपसून तो ओल सांगायचा, अन् बंड्या फिरायच्या. भिकाजीपंत नव्या पोरांना त्याचं उदाहरण देऊ लागले.

उमरझरीचे लोक कापूस अकोल्याला नेऊ लागले. अमरावती एका दिवसाच्या वाटेवर असताना चार-चार मुक्काम करत.

दिवाळीला तो घरी गेला. पारावर बसलेल्यांनी तो दिसताच तोंडं फिरवली. कोणी शिवी दिली नाही, कोणी रामरामही केला नाही. अंगणात त्याची माय, पार्बताबाई, वेचलेल्या कापसाजवळ सरकी निवडत बसली होती. सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत तो दारातून आत आला. ती लगबगीनं उठली अन् तिनं ओसरीवरची गोधडी ओढून ढिगावर टाकली.

"ये बाबू," ती म्हणाली. "हातपाय धू."

कापूस कोरडा होता. शालिकरामला ते दारातूनच दिसलं होतं. ती गोधडीचे कोपरे खोचत राहिली.